टायर यापुढे बगॅस समजावेत

‘‘मानवजातीचा इतिहास म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून, माणसानं अग्नीवर मिळवलेल्या विजयाची गौरवगाथा आहे!’’ मा. आबासाहेब हिरुगडे म्हणाले, आणि त्यांनी नुकतीच लावलेली समईची वात विझली.

ही तिसरी वेळ होती. पहिल्या दोन वेळांचा दोष पंख्यांना देऊन झाला होता आणि पंखे बंद करण्यात आले होते. आता सगळे जण एसीकडे संशयाने पाहू लागले. खरं तर समई तेलाने काठोकाठ भरली होती आणि पाचही वाती त्यात बुडून गुदमरल्या होत्या. मंचावर ज्वलनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली तीन माणसं होती, आणि तिघांनाही हे दिसत होतं. पण दीपप्रज्वलन करणाऱ्याला दीप कसा लावायचा हे सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही. तेव्हा तिघंही टाळ्यांसाठी हात अर्धवट उचलून, चेहऱ्यावर उत्सुकता धरून उभी राहिली. शेवटी शिपायाने वातींवर कापराच्या वड्या रचल्या. भडका उडाला, आबासाहेबांची उजवी भुवई थोडी आखूड झाली, आणि ‘आबासाहेब हिरुगडे ज्वलन संशोधन केंद्रा’चं उद्घाटन आबासाहेब हिरुगडे यांच्याच हस्ते पार पडलं.

हस्त खरं म्हणजे मंत्रिमहोदयांचे ठरले होते. पण आबासाहेबांनी नुकताच पक्ष बदलला होता आणि मंत्रिमहोदय जुन्याच पक्षात राहिले होते. त्यामुळे त्यांना ऐन वेळी ताप आला.

सोनवडीत आबासाहेबांचं काय नाही ते सांगणं सोपं. साखर कारखाना त्यांचा, त्याला जोडलेला वीज प्रकल्प त्यांचा, अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचं, त्याचं अध्यक्षपद त्यांचं, आणि नदीही बरीचशी त्यांचीच.

समई पेटल्यावर मागचा मोठा पडदा उजळला. ही कल्पना डॉ. शार्दूल मगदूम यांची. शार्दूल यंत्र अभियांत्रिकी विभागाचा प्रभारी प्रमुख होता, आणि इतकी वर्षं प्रभारी होता की नव्या मुलांना ते त्याचं पाळण्यातलं नाव वाटे. त्याने कॅमेरा समईवर रोखला होता. विभागातल्या डॉ. पद्मजा बोरगावे यांनी लिहिलेलं ‘ज्वाला’ हे सॉफ्टवेअर ज्योत नुसती पाहून काय जळतंय ते सांगतं, हे पाहुण्यांना प्रत्यक्ष दाखवावं असा त्याचा भाबडा बेत होता.

पडद्यावर ठळक अक्षरं उमटली : *कापूर. त्याखाली खाद्यतेल. अनेकदा तापवलेलं. मीठ भरपूर.*

सभागृहाने एकदम कॅन्टीनवाल्याकडे पाहिलं. कॅन्टीनवाल्याने छताकडे पाहिलं. त्या सकाळी ज्यांनी ज्यांनी भजी खाल्ली होती ते आपापल्या पोटाकडे लक्ष देऊ लागले.

आबासाहेब सगळ्यात मोठ्याने हसले. मग हसता हसता त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. तिथे त्यांच्या वीज प्रकल्पाची चिमणी उभी होती, आणि तिच्यातून काळाकुट्ट, तेलकट धूर निघत होता. आबासाहेबांचं हसू हळूहळू, पंखा बंद केल्यावर पाती थांबतात तसं, थांबलं.

*

ज्योत दोन प्रकारे बोलते. एक रंगाने, आणि दुसरं थरथरीने.

रंगाचं शाळेतही शिकवतात. मिठाचा कण पडला की ज्योत पिवळी होते, तो सोडियम. पोटॅशियमचा रंग मात्र लालाच्याही कडेला, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. पण कॅमेऱ्याला तो दिसतो. प्रत्येक झाड मातीतून पोटॅशियम पितं. म्हणून लाकूड, भुईमुगाची टरफलं, उसाचा रस काढल्यावर उरणारा चोथा, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅस, यांतलं काहीही जाळलं की ज्वाळेत पोटॅशियम बोलतो. टायर कुठल्याही मातीत उगवत नाही. त्यामुळे त्याची ज्वाळा त्या बाबतीत मुकी असते.

थरथरीचं असं की तापलेला वायू वर धावतो, बाजूची थंड हवा आत घुसते, भोवरे तयार होतात, आणि ज्योत फुगते-आवळते. तिचा एक ठेका असतो. तो आकारावर, इंधनावर, हवा किती मिळते यावर ठरतो. ज्वाला काय करायची, तर संगणकात हजारो काल्पनिक ज्वाळा पेटवायची, प्रत्येकीचं गणित सोडवायची, आणि त्यांतली कोणती समोरच्या खऱ्या ज्वाळेसारखी वागते ते शोधायची. लांबून येणारा माणूस आपण चेहरा दिसायच्या आधी चालीवरून ओळखतो, तसंच हे.

पद्मजा बोरगावेंनी हे जग सुधारायला वगैरे केलेलं नव्हतं. प्रयोगशाळेत बर्नर एक होता आणि वर्गात मुलं पुष्कळ. मागच्या मुलांना ज्वलनशास्त्र म्हणजे पुढच्या मुलांच्या डोक्यांची मागची बाजू, एवढंच दिसे. म्हणून बाईंनी ज्योत संगणकात घातली आणि सगळ्यांना फुकट वाटली. नुसती वाटली नाही, तिची आतली सगळी कृतीच उघडी ठेवली. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे असं स्वयंपाकघर, की जिथे कुणीही डोकावावं, फोडणीत काय पडतंय ते पाहावं, आणि ‘मीठ जास्त झालंय’ म्हणून बदल सुचवावा. बदल स्वीकारायचा की नाही हे चावी असलेली माणसं ठरवतात. मात्र कुणी, केव्हा, काय आणि का बदललं याचं टिपण प्रत्येक बदलाला कायमचं चिकटतं. त्याच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर पडतात आणि ते कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

ज्वालाच्या चाव्या दोन होत्या. एक बाईंकडे, एक शार्दूलकडे.

जगभरच्या लोकांनी तिच्यात भर घातली. चिलीतल्या लोकांनी वणवे शिकवले, फिनलंडच्या आइनो नावाच्या बाईने लाकडं जाळायच्या शेगड्या. आणि मग २०४३ साली आपल्याकडे धूर कायदा आला. प्रत्येक कारखान्याच्या भट्टीत एक कॅमेरा, त्यामागे ज्वाला, आणि काय जळतंय ते नकाशावर सगळ्या जनतेला उघड. ज्याची ज्वाळा स्वच्छ त्याला हरित प्रमाणपत्र, ज्याची घाण त्याची भट्टी बंद. सरकारला हे सॉफ्टवेअर आवडलं, कारण ते फुकट होतं.

सामान्य जनतेची ज्वालाकडून एकच मागणी होती. ती पहिल्या वर्षी आली आणि त्यानंतर सगळ्या भाषांतून येत राहिली : दूध उतू जाण्याआधी सांगण्याची सोय करावी.

बाई प्रत्येक मागणीला तेच उत्तर देत : ‘दूध उतू जाणे ही ज्वलनक्रिया नव्हे.’ उतू जातं तो फेस. त्यात काही जळत नाही. दूध शेगडीत पडलं की मात्र ज्योत पिवळी होते आणि ज्वाला ते अचूक ओळखते. पण तोवर ते घरातल्या सगळ्यांना कळलेलं असतं.

‘‘अगं, जग मागतंय तर देऊन टाक की,’’ पद्मजाबाईंचे यजमान सतीश म्हणत. ते बँकेतून निवृत्त होऊन घरचं दूध सांभाळत होते आणि त्यात त्यांना यश नव्हतं.

‘‘समोर उभं राहायचं आणि बघायचं. त्याला सॉफ्टवेअर कशाला लागतं?’’

‘‘मी बघतच होतो. पेपर बघत होतो, पण होतो समोरच.’’

*

सोनवडीत पांढरे कपडे वाळत घालायची पद्धत बंद पडून बरीच वर्षं झाली होती. बगॅसचा धूर करडा असतो. त्याची राख झटकली की जाते. टायरची काजळी झटकली की पसरते. ती तारेवरच्या टॉवेलवर बसे, दुधाच्या सायीवर बसे, तुळशीच्या पानांवर तर इतकी बसे की भाविक लोक कृष्णतुळस म्हणून रोप मागायला येत. टायरचे ट्रक ताडपत्री घालून यायचे आणि ताडपत्रीवर ‘बगॅस’ असं रंगवलेलं असायचं. त्यात लपवाछपवी नव्हती. ती एक प्रकारची सभ्यता होती.

चिमणीच्या अगदी पायथ्याशी साखरशाळा होती. ऊसतोडीला आलेल्या माणसांची मुलं हंगामापुरती तिथे शिकायची आणि खोकायची. रोज सकाळी बाकांवर काजळीचा थर असे, आणि मुलं त्यात बोटाने अक्षरं गिरवत. महाविद्यालयाने मूल्यांकन समितीला पाठवलेल्या अहवालात त्याचा फोटो छापला होता. खाली ओळ होती : ‘पाटीविरहित शिक्षणाचा अभिनव प्रयोग.’ समितीला तो फार आवडला. समितीतल्या एका प्राध्यापकांनी स्वतः बाकावर ‘अ’ काढला आणि त्याच हाताने बिस्किट खाल्लं.

पद्मजाबाई तो फोटो पाहून आल्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. कॅमेरा महिन्याभरात त्या चिमणीखालच्या भट्टीत बसणार होता. तो बसला की टायर दिसणार, टायर दिसले की भट्टी बंद होणार, आणि मुलांना अक्षरं गिरवायला पाटी आणावी लागणार. त्यांना आयुष्यात ज्वालाकडून आणखी काही नको होतं.

आबासाहेबांनी बोलावणं पाठवलं ते त्याच आठवड्यात.

‘‘या मॅडम, या. पेढा घ्या.’’

पेढ्यांचा खोका खिडकीजवळ उघडा होता. पेढ्यांवर काळे ठिपके होते.

‘‘खसखस लावलीय,’’ आबासाहेबांचे सचिव म्हणाले.

बाईंनी ठिपक्यावर बोट फिरवलं. तो पसरला. खसखस पसरत नाही. त्यांनी पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. सचिवांनी स्वतः एक खाल्ला आणि दात काळे करून हसले.

‘‘मॅडम, तुमच्या ज्वालाचा डोळा आमच्या भट्टीला बसणार म्हणं,’’ आबासाहेब म्हणाले.

‘‘हो. कायदाच आहे तसा.’’

‘‘कायद्याला आमचा विरोध न्हाई. डोळ्यालाबी न्हाई. फक्त त्यानं बघताना जरा घरचं माणूस म्हणून बघावं.’’

‘‘आबासाहेब, तुम्ही बगॅस जाळा. ज्वाला बगॅसच म्हणेल.’’

‘‘बगॅस कागद कारखान्याला जातोय. ते ठरलेलं हाय.’’

‘‘मग टायर दिसणार.’’

‘‘कशावरनं?’’

‘‘पोटॅशियमवरून. टायरमध्ये तो नसतो.’’

‘‘मग घालूया की टायरात. खताचं पोटॅश हायच गोडाऊनला. किती पोती लागतील?’’

पद्मजाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात इतका चांगला प्रश्न त्यांना कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता.

‘‘नाही चालणार. टायरच्या काजळीची चमक वेगळी, थरथर वेगळी. नुसत्या पोटॅशने भागणार नाही.’’

‘‘म्हंजे भट्टीत बदल करून उपेग न्हाई.’’ आबासाहेबांनी मान डोलवली. ‘‘मग ज्वालात करायचा.’’

‘‘ते मी करणार नाही.’’

‘‘तुम्ही कशाला करताय? तुम्ही मोठ्या. तुमच्या नावानं आमचं कॉलेज चालतंय.’’ आबासाहेबांनी पिकदाणी जवळ ओढली, मनापासून वापरली आणि पुन्हा खाली ठेवली. ‘‘चावी मगदूमसरांकडंबी हाय न्हवं?’’

*

शार्दूल मगदूम वाईट माणूस नव्हता. पद्मजाबाईंचा तो सर्वांत चांगला विद्यार्थी. पीएच.डी.च्या काळात त्याने एकाच ज्वाळेसमोर वर्ष काढलं होतं, आणि शेवटी तापमापकाची तार किंचित वाकडी बसल्याचं लक्षात आल्यावर वर्षभराची सगळी मापनं स्वतःच्या हाताने रद्द केली होती. कुणालाही कळलं नसतं. बाईंनी त्याला ज्वालाची चावी दिली ती त्याच दिवशी. दुसरं देण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

‘‘शार्दूल, आबासाहेबांनी बोलावलं होतं ना तुला?’’

‘‘हो मॅडम.’’ तो प्रयोगशाळेतला बर्नर पुसत होता. स्वच्छ होता तो. तरी पुसत होता.

‘‘काय म्हणालास?’’

‘‘विचार करतो म्हणालो.’’

‘‘यात विचार कसला करायचा?’’

‘‘मॅडम, ते ‘प्रभारी’ काढतो म्हणालेत.’’

बाईंनी स्टूल ओढून घेतलं. आपण रागावायला हवं होतं असं त्यांना वाटलं, पण राग येईना. शार्दूलची मुलगी शाळेत वडिलांचा हुद्दा विचारला की ‘प्रमुख’ सांगायची आणि घरी येऊन ‘आता खरंच झालात का?’ विचारायची, हे त्यांना माहीत होतं.

‘‘साखरशाळेत जाऊन आलास कधी?’’

‘‘मूल्यांकनाचे फोटो मीच काढले होते, मॅडम.’’

‘‘मग?’’

शार्दूलने फडकं घडी करून ठेवलं. ‘‘मी चुकीचं काही करणार नाही, मॅडम. जे करीन ते नियमानुसार करीन.’’

बाईंनी पहिलं वाक्य ऐकलं आणि त्या निर्धास्त घरी गेल्या. त्यांनी खरं तर दुसरं ऐकायला हवं होतं.

*

बातमी आणली ती फिनलंडच्या आइनोने. भाषांतरयंत्राचं मराठी वापरून तिने पद्मजाबाईंना विचारलं होतं :

‘नमस्कार पद्मजा. ज्वालातील नव्या बदलाच्या टिपणात *मा. अध्यक्षसाहेब* नावाचा एक स्थिरांक आढळला. याचे एकक काय? हा तापमानानुसार बदलतो काय? आमच्या शेगड्यांनाही तो लागू करायचा काय?’

बाईंनी ज्वाला उघडली. बदल एका ओळीचा होता. कॅमेरा सोनवडीत असेल तर बाकीचं सगळं गणित सोडून उत्तर ‘बगॅस’ द्यावं, एवढंच त्यात होतं. वर डॉ. शार्दूल मगदूम यांचं नाव होतं, आणि खाली त्यांनी नियमानुसार टिपण जोडलं होतं :

‘मा. अध्यक्षसाहेबांच्या तोंडी आदेशानुसार, सोनवडी येथील टायर यापुढे बगॅस समजण्यात यावेत. सबब बदल सादर.’

सतीशरावांनी बायकोच्या खांद्यावरून ते वाचलं. ‘‘अगं, हे जगभर गेलं?’’

‘‘गेलं.’’

‘‘पुसता येतं?’’

‘‘नाही.’’

मागे शेगडीवर काहीतरी सळसळलं आणि ज्योत पिवळी झाली. दोघंही वळली नाहीत.

पुढचे काही दिवस ज्वालाने इतकी प्रसिद्धी मिळवली की तेवढी तिला खऱ्या कामाने कधी मिळाली नव्हती. चिलीहून कुणीतरी बदल सुचवला : ‘मा. सासूबाईंच्या तोंडी आदेशानुसार, आमच्या डोंगरातील वणवे यापुढे धुके समजावेत.’ आइनोने आपल्या शेगडीला मा. अध्यक्षसाहेब असं नाव ठेवलं आणि ती धूर फार करते अशी तक्रार नोंदवली.

आबासाहेबांनी प्राचार्यांना फोन केला. ‘‘खोडा ते.’’

‘‘साहेब, खोडता येत नाही म्हणतात.’’

‘‘म्हंजे? कॉलेज कुणाचं हाय?’’

‘‘आपलंच, साहेब.’’

‘‘मग खोडा.’’

प्राचार्यांनी विभागाला सांगितलं, विभागाने तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ज्वालाकडे विद्यार्थ्यांच्या विनंत्यांचा लोंढा आला. सगळ्यांचा मजकूर एकच : ‘मा. प्राचार्यांच्या तोंडी आदेशानुसार, मा. अध्यक्षसाहेबांचा तोंडी आदेश हा आदेश नव्हता असे समजावे.’ एका हुशार मुलीने खाली लिहिलं होतं : ‘कृपया अंतर्गत गुण मिळावेत.’

पद्मजाबाईंनी शार्दूलची ती ओळ आपल्या चावीने काढून टाकली. ज्वाला पुन्हा खरं बोलू लागली. भट्टीतला कॅमेरा बसला, आणि नकाशावर सोनवडीच्या चिमणीपुढे स्वच्छ अक्षरांत ‘टायर’ असं उमटलं. मग बाई शार्दूलला शोधायला गेल्या. तो प्रयोगशाळेत त्याच बर्नरसमोर उभा होता.

‘‘शार्दूल, एकच सांग. ते टिपण मुद्दाम लिहिलंस ना?’’

येताना जिन्यावर त्यांनी सगळं मनात जुळवलं होतं. मुलाने आदेश पाळल्यासारखं केलं आणि चव्हाट्यावर आणलं. वाकडी तार स्वतः सांगणारा तो हाच मुलगा. त्याच्या डोळ्यांत एक बारीकशी चमक दिसली असती तरी त्यांना पुरलं असतं.

शार्दूलच्या डोळ्यांत भीती होती आणि थोडं आश्चर्य.

‘‘मुद्दाम म्हणजे? मॅडम, नियमच आहे तो. आदेश लेखी नसेल तर ‘तोंडी आदेशानुसार’ असं नमूद करायचं. नाहीतर उद्या चौकशीत आपल्यावर येतं. मी कॅन्टीनची भजी मागवतानाही लिहितो.’’

‘‘हे जग वाचणार, हे तुला कळलं नाही?’’

‘‘टिपण कोण वाचतं, मॅडम? आजवर माझं एकही टिपण कुणी वाचलं नाहीय.’’

बाईंनी बर्नरजवळचं फडकं उचललं आणि पुन्हा ठेवलं. तो खोटं बोलला असता तर त्या चिडल्या असत्या, घाबरून बोलला असता तर कळवळल्या असत्या. पण त्याने टायरला बगॅस ठरवलं होतं आणि मग जावक क्रमांक टाकावा तसं खाली खरं लिहिलं होतं. खरं आणि खोटं एकाच हाताने, एकाच शाईने, दोन्हीत काही फरक आहे हे न जाणवता.

‘‘आणि ‘प्रभारी’चं काय झालं?’’ त्यांनी विचारलं.

शार्दूलने मान खाली घातली. ‘‘तो आदेश तोंडीच होता, मॅडम. ते आता नाही म्हणतात. एवढं एकच नमूद करायचं राहून गेलं.’’

*

सुनावणी जिल्ह्याच्या गावी झाली. भट्टी बंद करायची की नाही, एवढाच प्रश्न होता. पण आबासाहेबांचे वकील प्रश्न मोठा करण्याचेच पैसे घेत होते.

‘‘साहेब,’’ ते सुनावणी अधिकारी नागवेकर यांना म्हणाले, ‘‘जे सॉफ्टवेअर एका तोंडी आदेशावर टायरला बगॅस म्हणायला लागतं, ते उद्या दुसऱ्या तोंडी आदेशावर बगॅसला टायर म्हणणार नाही कशावरून? आमची विनंती आहे की ज्वाला अविश्वसनीय ठरवावी. एका सोनवडीत नव्हे, सगळीकडेच.’’

पाठीमागच्या बाकांवर राज्यभरच्या चिमण्यांचे मालक येऊन बसले होते. त्यांनी माना डोलवल्या. खोलीत त्यांच्या अत्तराचा आणि त्याखालून जळक्या रबराचा वास होता.

पद्मजाबाई उठल्या.

‘‘ज्वाला खोटं बोलली, हे यांना कसं कळलं? मला कसं कळलं? फिनलंडच्या बाईला कसं कळलं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘ज्वालानेच सांगितलं. कुणी खोटं बोलायला लावलं, केव्हा, कोणत्या ओळीत, तेही सांगितलं. साहेब, इतक्या वर्षांत या चिमणीवर किती तपासण्या झाल्या. सगळ्यांत बगॅसच निघाला. त्यांतलं एक तरी यंत्र, एक तरी माणूस कधी म्हणाला का, की मी कुणाच्या सांगण्यावरून बगॅस लिहितोय? ज्याचं खोटं पकडता येतं त्याच्यावरच विश्वास ठेवता येतो. बाकीच्यांवर आपण नुसता ठेवतो.’’

वकिलांनी पेन खाली ठेवलं. सतीशराव शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांनी रुमालाने नाक पुसलं आणि रुमाल काळा झाला. साखरशाळेच्या बाई एका पोराला घेऊन आल्या होत्या. पोराने धूळ बसलेल्या बाकावर सवयीने ‘अ’ काढला.

नागवेकर बराच वेळ कागदांकडे पाहत राहिले. पद्मजाबाईंना वाटलं, विचार करताहेत. तेवढ्यात नागवेकरांचा फोन थरथरला. ते उठून बाहेर गेले. काचेच्या दारातून त्यांची पाठ दिसत होती आणि पाठ दर दोन क्षणांनी किंचित वाकत होती. परत आले, बसले, पाणी प्यायले, आणि त्यांनी लघुलेखकाला निकाल सांगायला सुरुवात केली.

‘‘लिहा. मा. मंत्रिमहोदयांच्या तोंडी आदेशानुसार...’’

वकिलांनी डोळे मिटून घेतले. मंत्रिमहोदय जुन्याच पक्षात होते. ताप अजून उतरला नव्हता.

‘‘...ज्वाला हे सॉफ्टवेअर यापुढे विश्वासार्ह समजण्यात यावे. सोनवडी येथील भट्टी पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यात यावी. सबब निकाल सादर.’’

मागच्या बाकांवरची अत्तरं एकेक करून उठली आणि निघून गेली. साखरशाळेच्या बाई रडू लागल्या. सतीशरावांनी टाळी वाजवायला हात उचलला, बायकोचा चेहरा पाहिला आणि हात हळूच खिशात घातला.

पद्मजाबाई जिंकल्या होत्या. उद्यापासून चिमणी थंड राहणार, बाकांवर काजळी बसणार नाही, पोरांचा खोकला निदान या हंगामापुरता थांबेल. हवं होतं ते सगळं झालं होतं. त्यांनी आत्ता जे सांगितलं, जे सांगायला त्यांना सगळं आयुष्य लागलं होतं, त्यातला एक शब्दही निकालात नव्हता. खरं जिंकलं होतं, आणि तेही तोंडी आदेशानुसार. मंत्रिमहोदयांनी पक्ष बदलला असता तर काय, हा विचार त्यांच्या मनात आला आणि तिथेच राहिला. पर्समधला कागदात गुंडाळलेला पेढा त्यांना आठवला. त्यांनी पर्स शरीरापासून थोडी लांब धरली.

‘‘मॅडम, एक मिनिट,’’ नागवेकर म्हणाले.

लघुलेखक गेला होता. नागवेकरांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

‘‘तुम्ही बोललात ना, ज्याचं खोटं पकडता येतं ते... ते मला फार पटलं. निकालात घालता आलं नाही, पण पटलं. रेकॉर्डच्या बाहेर सांगतो.’’

बाईंनी पर्स पुन्हा जवळ घेतली. निदान एका माणसाला कळलं होतं. निदान एक माणूस.

‘‘तुमची ज्वाला मीही वापरतो, मॅडम. घरी,’’ नागवेकर म्हणाले. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि जरा लाजून पुढे झुकले. ‘‘मी मागेही लिहिलं होतं, तुमचं उत्तर आलं होतं, ज्वलनक्रिया नाही म्हणून. ते खरंच आहे. पण आमच्याकडे सकाळी रोज बोलणी बसतात हो मला. ते दूध उतू जायच्या जरा आधी सांगेल, एवढं काही करता आलं तर बघा ना.’’